ओळीशेजारचं नाव

एका दुपारी, शेजारी आल्याचा चहा ठेवून आणि डोळे पुसत पुसत, मी एका माणसाचं नाव शेकडो ओळींवरून पुसून टाकलं. वर त्याला ‘श्रद्धांजली’ म्हटलं. माझं वय तेव्हा अडुसष्ट. आता त्र्याहत्तरीत मागे वळून बघते तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची पोर मला फार आगाऊ दिसते. तिला समोर बसवून दोन धपाटे घालावेसे वाटतात. पण ती ऐकायची नाही. तिने संतोषचं ऐकलं नव्हतं, तर माझं काय ऐकणार? आणि नाव नेमकं संतोषचंच पुसलं गेलं.

संतोषला आम्ही ‘एकसारखे’ म्हणत असू. आडनाव असल्यासारखं. “एकसारखे आले का?” “एकसारख्यांना दाखवलंत का?” लहान वाचनालयांसाठी एक फुकट मिळणारी संगणकप्रणाली आहे. कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी अशी, दहा ठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून केलेली. तिची मराठी माहितीपुस्तिका आमचा गट लिहायचा. पुस्तकाची नोंद कशी करायची, सभासदाचं कार्ड कसं काढायचं, असली पानं, सगळी इंटरनेटवर. दर रविवारी सकाळी दादरच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक. संतोष त्या पुस्तिकेचा राखणदार, आणि त्याचा ध्यास एकच, की सगळी पानं एकसारखी दिसली पाहिजेत. बटणाचं नाव एका पानावर ठळक असेल तर सगळ्या पानांवर ठळक. इथे ‘क्लिक करा’ आणि तिथे ‘टिचकी मारा’ चालणार नाही. पायऱ्यांना आकडे म्हणजे आकडेच, मध्येच ठिपके आले की त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा.

मी तिथे पोचले ती भांडायला. निवृत्त झाल्यावर गिरगावात आमच्या गल्लीतल्या वाचनालयात मी मदतीला जायचे. तिथे ही प्रणाली आली, मी पुस्तिका वाचली आणि चुकांची यादी जोडून एक खरमरीत पत्र धाडलं. सरकारी कचेरीत टायपिंग विभागाची प्रमुख होते मी. दुसऱ्याच्या चुका काढल्याशिवाय मला जेवण पचत नसे. संतोषचं एका ओळीचं उत्तर आलं, “ताई, सगळं बरोबर आहे. रविवारी या आणि दुरुस्त करा.” उभ्या नोकरीत असलं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. रागारागाने गेले, आणि पुढे सहा वर्षं जात राहिले.

माझी पहिली कामगिरी ऐका. टाइपरायटरवर आम्ही फुल्या-फुल्यांची सुरेख महिरप काढायचो, ती हौस अंगात होती. मी एका पानावर सूचनेभोवती चांदण्यांची चौकट केली, अक्षरं लाल केली आणि वर ‘सावधान!’ घातलं. संतोष रागावला नाही. म्हणाला, “ताई, शनिवारी भायखळ्याला येता? एक गंमत दाखवतो.” तिथल्या वाचनालयात नार्वेकरमामा म्हणून ग्रंथपाल होते, साठीचे. संगणकाला ते वाघासारखे भीत. आम्ही दोघं त्यांच्या मागे मुकाट बसलो. मामा पुस्तिका बघत एकेक बटण दाबत होते, छान चाललं होतं. माझं पान आलं. लाल अक्षरं, चांदण्या, सावधान! मामांनी चटका बसल्यासारखे हात उचलले, उठले आणि भिंतीवरचं मेन बटणच बंद केलं. सकाळपासूनच्या नोंदी गेल्या. सूचना काय होती? ‘नोंदी जतन केल्याशिवाय संगणक बंद करू नये.’

बाहेर भाजीबाजाराच्या तोंडाशी आल्यावर मी म्हटलं, “अरे, वाचायचं तरी मेल्याने!” संतोष हसला नाही. “वाचणारा आधीच घाबरलेला असतो, ताई. त्याला दर पानावर नवं घर लागता कामा नये. दिव्याचं बटण दरवेळी त्याच भिंतीवर पाहिजे.” त्या संध्याकाळी घरी येऊन मी माझी महिरप स्वतःच्या हाताने काढली. वाईट वाटलं. चौकट खरंच सुरेख होती हो.

पानांवर इतका काटेकोर असलेला हा मनुष्य अंगावर मात्र सगळा विसकटलेला. शर्टाचं एक बटण हमखास वरच्या काजात. पायमोजे एक निळा, एक काळा. मी दर रविवारी दारातच म्हणायचे, “एकसारखे, आधी स्वतःकडे बघा.” तो मान खाली घालून बटणं सोडायचा, पुन्हा लावायचा, आणि पुन्हा एक चुकवायचा. घोडपदेवला चाळीत तो आणि त्याचे वडील, दोघंच राहायचे. आई लहानपणीच गेलेली. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, “बाबांना आणि मला दोघांनाही भात करपवता येतो, तिसरं माणूस कशाला?”

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. माझ्या नातीने मला एक युक्ती शिकवली. संगणकाला एक आज्ञा दिली की पुस्तिकेतली झाडून सगळी पानं एका झटक्यात सारखी होतात. मोकळ्या जागा, ओळींची लांबी, ठिपके, आकडे, सगळं. मी रविवारी ऐटीत सांगितलं. वाटलं, एकसारखे माझी पाठ थोपटणार. तो म्हणाला, “एकदम नको, ताई. ज्या पानाला कामासाठी हात लागेल, तेवढंच नीट करायचं.”

“का रे बाबा? तुझंच स्वप्न ना?”

त्याने पडद्यावर एक बटण दाबलं. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला एक नाव उमटलं, ती ओळ शेवटची कुणी बदलली त्याचं. बहुतेक ठिकाणी ‘संतोष’. अधूनमधून इतर कुणी, चारदोन ठिकाणी मी. “काही अडलं तर कुणाला विचारायचं ते इथे कळतं. तुम्ही सगळ्या ओळी एका दमात हलवल्यात तर सगळ्या तुमच्या नावावर होतील.”

“वा! बसल्या जागी कीर्ती!” मी म्हटलं. तो हसला. मीही हसले, आणि बशीत भजी किती उरलीत ते बघायला लागले. कानावर पडलं ते तिथेच सांडलं.

संतोष चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. छातीत दुखतंय म्हणून सकाळी चाळीचा जिना स्वतः उतरला, तो पुन्हा चढला नाही. त्या रविवारी आम्ही सगळे त्या मागच्या खोलीत नुसते बसून राहिलो. मी सवयीने दाराकडे बघत होते, बटणं तपासायला.

तीन आठवड्यांनी, ती चहाची दुपार. मनात आलं, त्याची पुस्तिका अजून अर्धीमुर्धीच सारखी झालीय. आपण ती पुरी करावी. त्याने विश्वासाने मला सगळ्या पानांचे हक्क देऊन ठेवले होते. कुणाला विचारलं नाही. आज्ञा दिली. लांब ओळी तुटल्या, तोकड्या जोडल्या गेल्या, पानं कशी परेडला उभी राहिल्यासारखी झाली. मी गटावर लिहिलं, ‘संतोषला आपली श्रद्धांजली’, आणि सगळ्यांनी फुलं टाकली.

आठवड्याने रेश्माचा फोन आला. रेश्मा आमच्या गटातली, संगणकाची जाणकार, संतोषची शिष्याच. तिचा आवाज जपून पावलं टाकत होता. “आजी, तुम्ही रागावू नका हां. घोडपदेवच्या काकांचा फोन होता. संतोषदादा गेल्यावर मीच त्यांना ते नावांचं बटण शिकवलं होतं. रोज सकाळी आंघोळ झाली की एक पान उघडून बसतात. आता विचारतात, माझ्या पोराचं नाव कुठे गेलं? सगळीकडे मालती कोण?”

मालती मी.

“परत फिरव ना सगळं,” मी म्हटलं.

“परत फिरवलं तर फिरवणाऱ्याचं नाव लागतं, आजी. तोवर इतरांनी वर नवं काम पण चढवलंय. जुनं आत शाबूत आहे, पण ते उकरून काढणं काकांना जमायचं नाही. मी एक सोय करतेय, बरीच नावं परत दिसतील. पण जिथे ओळी जोडल्या-तोडल्या गेल्या, तिथली नाही येणार.”

मी रेश्माला म्हटलं, तू नको सांगूस, मी जाते. भायखळ्याहून घोडपदेवपर्यंत चालत गेले. वाटेत काय बोलायचं त्याची तीनदा जुळणी केली, एकही वाक्य टिकलं नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. संगणकावर धुतलेला पंचा घातलेला. काकांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. मी सांगितलं. काही लपवलं नाही, त्याने नको म्हटलं होतं आणि मी भजी मोजत होते, तेसुद्धा सांगितलं. रेश्मा किती नावं परत आणेल आणि किती नाही, तेही सांगितलं.

काका माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते. बोटांची टोकं चपटी झालेली, नखांच्या कडांना पांढरट भेगा. ते गवंडी होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सहा वर्षांत मी संतोषला त्याचे पायमोजे विचारले, त्याचा बाप काय करायचा ते कधी विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, “ताई, जन्मभर बिल्डिंगी बांदल्या आमी. परळला बांदल्या, दादरला बांदल्या. एका इटेवर आमचं नाव नाय. पोराचं होतं, ओळीओळीला. त्या लिवलेल्यातलं मला काय कळतंय? मी आपला नाव बघत बसायचो.”