सलमा गेली कुठं?

सोलापूरच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी सुटता सुटता अब्बांनी खिडकीतून चादर आत सरकवली. चादरी विणत सगळं आयुष्य मागावर गेलेला माणूस. मालकाची बोलणी खाऊन त्यांनी या चादरीच्या किनारीत माझं नाव विणलं होतं. "तेरा नाम डाल्या हूँ, बेटी. अब गुमती नै."

सलमा हे नाव त्यांनी तरुणपणी मुशायऱ्यात ऐकून ठेवलेलं. अरबांच्या जुन्या कवितेत प्रेयसीचं नाव हेच असायचं, असं गल्लीभर सांगत मिरवायचे. पुण्यात आल्यावर मी तसल्या कविता अनुवादात वाचल्या. तांडा निघून गेलाय, चुलीची राख उरलीय आणि कवी राखेपाशी उभा राहून सलमासाठी रडतोय. रडा की! पण एकानंही विचारलं नाही, बाई, तू गेलीस कुठं? तिथं तुला खोली मिळाली का?

मला मिळत नव्हती. फोनवर नाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेली' असायची. शेवटी माझ्या मंगळवेढ्याच्या मैत्रिणीनं, रूपालीनं, दोघींसाठी खोली घेतली आणि घरमालकीण काकूंना माझं नाव सीमा सांगितलं. मी चिडले, तर म्हणाली, "गप ऱ्हा की, लई शानपना नगं." राहिले गप्प. चौकात हक्कांची पत्रकं वाटणारी मी, आठ महिने चादरीची नावाची बाजू खाली घालून झोपले. अब्बा, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

परवा चादर धुऊन गच्चीवर टाकली. काकू आल्या, किनार वाचली.

"ही सलमा कोण गं?"

"दुकानातनं बदलून आलीया, काकू," रूपाली लगेच म्हणाली.

"मीच सलमा," मी म्हटलं.

काकूंनी चादर उतरवून नीट घडी घातली. नाव आत गेलं. "गोड नाव आहे हो. शायरीतलं वाटतं." एवढं बोलून खाली गेल्या.

या गोडव्यावर माझा काडीचा विश्वास नाही. हे वाचणाऱ्या ज्या पोरी घर सोडून आल्यात, त्यांना ठाऊक आहे 'गोड नाव'नंतर काय येतं. रूपाली माझ्याशी बोलत नाही. तिचीही खोली जाईल. तिचा राग खरा आहे.

काल अब्बांचा फोन. "घर जम्या क्या?"

बॅग भरून दाराशी ठेवलीय, अब्बा. चादर अंथरलीय, नाव वर करून. सध्या घर एवढंच.