मंदाबाईंचा सूर्य

मंदाबाई रोज भरदुपारी सूर्याला झोपवायच्या. लकडगंजच्या मागे आमची बालवाडी होती. जेवणं उरकली की त्या पदर डोक्यावरून ओढून मोठ्ठी जांभई द्यायच्या. "सूर्यदादा थकला, पोट्टेहो! आता झोपते. उठन सकाळी." पोरं खिदळत चटईवर आडवी व्हायची. मी तिथे नवी मदतनीस. पृथ्वी फिरते हे खरं सांगायला हवं, असं एकदा म्हणाले. "तू फिरव तुही पृथ्वी. मले पोट्टे झोपवा लागते!" बोलायला अशा फटकळ, पण कुणाच्याही पोराचं नाक स्वतःच्या पदराने पुसायच्या.

दिवाळीनंतर परी आली ती झोपायलाच तयार नव्हती. तिचे वडील अचानक गेले होते. 'बाबा झोपले आहेत,' असं घरच्यांनी त्या पाच वर्षांच्या पोरीला सांगितलं होतं. चटईवर ती ताठ बसून राही. शेजारच्या पोराचा डोळा लागला की त्याला गदागदा हलवी. घरी आईलाही झोपू देत नव्हती. तिचे डोळे खोल गेले होते.

एका दुपारी बाईंनी जांभई दिली, तशी परीने विचारलं, "बाई, सूर्यालेबी खांद्यावर नेतीन का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला अंगणात उन्हात उभं केलं आणि खांदे धरून हळूहळू फिरवलं. "ऊन तोंडावर आलं? हा दिवस. आता पाठीवर? ही रात्र. सूर्य कुठीच जात नाही, आपणच फिरून राहिलो. तो झोपत नाही. मी सांगितलं ते खोटं होतं."

"मंग बाबा?"

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "बाबा झोपले नव्हते, माय. मेले. झोपलेला माणूस उठते. मेलेला उठत नाही."

परी किंचाळून रडली. बाईंनी तिला कवटाळून धरलं. रडता रडता ती त्यांच्या मांडीवरच झोपून गेली. न्यायला आलेल्या आजीला सगळं कळलं, तशी ती दारातूनच कडाडली, "एवढ्याशा लेकराले असं सांगतात का?" एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईंनी झोपलेली परी अलगद तिच्या कडेवर दिली. कोण बरोबर होतं, मला आजही सांगता येत नाही.

त्या दोघी गेल्यावर मी म्हणाले, "पण झोपली तरी, बाई."

"हो वं, झोपली," मंदाबाई म्हणाल्या. "पण आतावरी तिचा बाप नुसता झोपला होता. त्याले मारलं ते मीच."