सोनिवलीतलं काश्मीर आणि अंदमानचं जहाज

मी आठवीत गेल्यापासून आमच्या घरात फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं होतं. रेशनकार्डात नाव चढवायचं असो, गॅससाठी नंबर लावायचा असो की रजेचा अर्ज असो, बाबा कागद माझ्यासमोर ठेवत आणि पेनाचं टोपण हातात धरून शेजारी बसून राहत. ते अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात लेथवर होते. सही सुरेख करत, पण फॉर्मवरच्या चौकोनांची त्यांना धास्ती वाटे. पुढे मी उल्हासनगरच्या कॉलेजात बी.कॉम.ला गेले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे आता हिला सगळं कळतं असा सगळ्यांचा समज झाला. मला फारसं काही कळत नव्हतं, आणि तसं सांगायचा धीरही होत नव्हता.

दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीच्या आधी, बाबांनी एलटीसीचा, म्हणजे सरकारी भाड्यानं प्रवासाचा, फॉर्म आणला. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. म्हणजे ही शेवटची एलटीसी. मी नाव, कारखान्यातला तिकीट नंबर, खातं लिहीत ‘प्रवासाचं ठिकाण’ या चौकोनापाशी आले आणि थांबले.

“कन्याकुमारी टाक,” बाबा म्हणाले.

आई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. “अंदमान टाक,” ती मला म्हणाली. मग बाबांकडे बघून म्हणाली, “आणि या वेळी नुसतं टाकायचं नाही. जायचं.”

बाबांनी माझ्या हातातलं पेन घेऊन त्याला टोपण लावलं. फॉर्म अर्धवट राहिला.

‘टाकायचं’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. दर चार वर्षांत एकदा कारखान्यातल्या माणसाला कुटुंबासह देशात कुठंही फिरून यायचं भाडं सरकार देई. पण कारखान्याच्या आमच्या कॉलनीत प्रवास करण्यापेक्षा तो कागदावर टाकायची पद्धत जास्त होती. उल्हासनगरात एक टुरिस्ट बसवाला होता. तो भाड्याची पावती, प्रवाशांची यादी, सगळं व्यवस्थित करून देई आणि स्वतःचा वाटा ठेवून घेई. उरलेल्या पैशांत कोणाकडे फ्रिज येई, कोणी बदलापूरजवळ खरवईला जागा बुक करी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी कन्याकुमारी अशीच पाहिली होती. अट एकच होती. कागदावर जितके दिवस प्रवास, तितके दिवस घराला कुलूप.

मी सहावीत असताना आम्ही असंच काश्मीर केलं. पहाटे उजाडायच्या आत बाबांनी सगळ्या खिडक्या लावल्या, कडी दोनदा ओढून बघितली आणि आम्ही तिघं ट्रंक घेऊन बदलापूरजवळच्या सोनिवलीला मावशीकडे गेलो. मावशीकडे म्हशी होत्या. बदलापुरात राहणारे बाबांच्या सेक्शनमधले दोघं-तिघं तिथंच दूध न्यायला येत. त्यामुळे आम्हाला दहा दिवस पुढं यायची बंदी होती. बाबा आणि मी निदान अंधारात मागच्या शेताकडे जात होतो, आई मात्र आतल्या खोलीतच. मावशी रोज संध्याकाळी आत डोकावून विचारायची, “काय काश्मीरवाले, आज भाकरी खाणार का भात?” पहिले दोन दिवस आई हसली. नंतर हसली नाही.

त्या खोलीत बघण्यासारखं एकच होतं, भिंतीवरचं कॅलेंडर. नारळाची झाडं पाण्यावर वाकलेली, वाळू पांढरी, आणि पाणी निळं म्हणावं की हिरवं असं. खाली इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. आई चौथीपर्यंत शिकलेली, तिला इंग्रजी येत नव्हतं. मी अक्षरं जुळवून वाचून दाखवलं, अंदमान. आई तो शब्द पुटपुटली आणि पुन्हा बघत बसली. दहा दिवस ती तेच बघत होती.

घरी परतताना बाबांनी कल्याणच्या बाजारातून अक्रोड आणि सफरचंदं घेतली आणि आम्ही ती शेजारी वाटली. शेजारच्या काकूंनी अक्रोड हातात घेऊन विचारलं, “थंडी होती का गं?”

“होती,” आई म्हणाली.

काकूंनी पुढं विचारलं नाही. त्या आदल्या वर्षी उटीला जाऊन आल्या होत्या.

माझी मात्र सुटका झाली नाही. शाळेत सहलीवर निबंध लिहायला दिला. मी कॅलेंडरं, मासिकं आणि मनातलं असं मिळून काश्मीर लिहून काढलं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मी घरी येऊन कौतुकानं सांगितलं, तेव्हा आईनं वही मागितली. ती फाडते की काय असं मला वाटलं. पण तिनं ओळीखाली बोट धरून तो सगळा वाचला आणि वही परत देत म्हणाली, “तुला तरी दिसलं.”

एवढंच. पण त्यानंतर मी जेव्हा जेव्हा फॉर्म भरायला बसे, तेव्हा मला ती वही आठवे.

म्हणून आई अंदमान म्हणाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत नकाशांचं पुस्तक मागितलं. खरं सांगते, तोवर मला वाटत होतं की अंदमान कोकणासारखंच किनाऱ्याला लागून कुठंतरी असेल. नकाशात ते पार उजवीकडे निघालं, भर समुद्रात, ब्रह्मदेशाच्या खाली ठिपक्यांची एक रांग. मी घरी येऊन आईला घाबरतच सांगितलं की आधी मद्रासपर्यंत रेल्वे आणि मग तीन दिवस जहाज. मला वाटलं आता ती नाद सोडेल.

“जहाजात चहा मिळतो का?” तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी पोर्ट ब्लेअरच्या पर्यटन ऑफिसला जोडकार्ड लिहिलं, म्हणजे उत्तराचं कार्ड त्यालाच जोडलेलं. इंग्रजीत तीन वेळा कच्चं लिहून मग पक्कं केलं. चहाचा प्रश्न लिहावा की नाही, यावर बराच वेळ गेला. शेवटी लिहिला. महिन्याभरानं उत्तर आलं, कार्डावर नव्हे, जाड पाकिटात. सायक्लोस्टाईल केलेला एक कागद होता. जहाजाची तारीख जेमतेम महिनाभर आधी कळते, फोटो लागतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांना उलटीचा त्रास होतो. आणि खाली कुणीतरी शाईनं लिहिलं होतं, चहा मिळतो.

आईनं त्या कागदातली उलटीची ओळ फार मनावर घेतली. तिला बस लागत असे. अंबरनाथहून बदलापूरला जायचं म्हटलं तरी ती खिडकीशी बसून डोळे मिटून घेई. आता दर बुधवारी, घरचं आवरून, ती बसच्या शेवटच्या सीटवर बसून बदलापूरला जायची आणि त्याच सीटवर बसून परत यायची. तो रस्ता तेव्हा असा होता की मागच्या सीटवरचा माणूस खड्ड्यागणिक वर उडे. आईच्या मुठीत एक लिंबू असे. पहिल्या बुधवारी ती मोरिवलीच्या जरा पुढेच उतरली आणि चालत घरी आली. तिसऱ्या बुधवारी बदलापूरपर्यंत गेली. सहाव्या बुधवारी लिंबू तसंच परत आलं आणि आम्ही त्याचं सरबत केलं.

काकू तिला म्हणाल्या, “अंदमानला कैदी पाठवायचे. तू काय केलंस गं?”

“दहा दिवस कैद आधीच भोगलीय,” आई म्हणाली. “आता नुसतं बघून यायचं.”

मद्रासजवळच्या कारखान्यात बदलून गेलेला बाबांचा एक जुना सोबती होता. तो बंदरावर जाऊन जहाजाची तिकिटं काढून ठेवील असं मीच सुचवलं होतं. फक्त बाबांनी त्याला पत्र लिहायला हवं होतं. मी अंतर्देशीय आणून टेबलावर ठेवलं. ते पंधरा दिवस तिथंच होतं, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला.

एका रविवारी त्यांच्या सेक्शनमधले एक मित्र आले. उल्हासनगरच्या बसवाल्याकडून सगळ्यांचे कागद हेच करून आणत. या वेळी ते कन्याकुमारीचे कागद तयारच घेऊन आले होते. “वहिनी, अंदमानला काय आहे? पाणीच पाणी,” ते म्हणाले. “ते तर आपल्याकडे टँकरनं पण येतं. घरबसल्या कन्याकुमारी घ्या, वर एक फ्रिज घ्या. झंझट नको.”

आईनं त्यांच्यासमोर चहा ठेवला. “भाऊजी, त्या कॅलेंडरात फ्रिजचं चित्र नव्हतं,” ती म्हणाली.

त्यांना काही कळलं नाही. बाबांना कळलं. त्यांनी कागद ठेवून घेतले, पण सही केली नाही.

फॉर्म द्यायची शेवटची तारीख शनिवारी होती. शुक्रवारी बाबा पहिल्या पाळीहून आले, आंघोळ केली आणि नेहमीसारखे माझ्या शेजारी बसले. अर्धवट फॉर्म माझ्यासमोर सरकवला. पेन माझ्याकडे, टोपण त्यांच्या हातात.

“कन्याकुमारी टाक,” ते म्हणाले. आवाज हळू होता.

मी बाबांना कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी ओव्हरटाइम करून माझी फी भरली होती. त्यांना नाही म्हणायचा मला हक्क आहे की नाही, हेही मला ठरवता येत नव्हतं. पण हात पुढं जाईना. मी पेन खाली ठेवलं.

“मी नाही भरणार, बाबा,” मी म्हणाले. “काश्मीर मी एकदा खोटं लिहिलंय. ते वर्गात वाचलं गेलं. पुन्हा मला तसं लिहिता येणार नाही.”

ते रागावतील म्हणून मी टेबलाकडेच बघत होते. ते रागावले नाहीत. हातातलं टोपण त्यांनी दोन-तीन वेळा फिरवलं. आई मागं मोरीत भांडी घासत होती, तिकडं एकदा बघितलं आणि मग मला म्हणाले, “पोरी, तुझी तर परीक्षा. म्हणजे वीस दिवस आम्ही दोघंच. काय बोलायचं तिथं?”

मला वाटत होतं अडचण पैशांची आहे. किंवा समुद्राची. हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. त्यांचं लग्न झालं तेव्हा एका खोलीत दोन काका आणि आत्या होती. ती आपापल्या वाटेनं गेली तोवर मी आले. मग पंचवीस वर्षं पाळ्या. बाबांची दुसरी पाळी असली की आई झोपताना ते घरी येत, रात्रपाळी असली की ती उठताना. सुटी म्हणजे सहा डिसेंबरचं दादर आणि गावाकडची लग्नं, आणि दोन्हीकडे माणसंच माणसं. दोघंच कुठं गेली, असं एकदाही झालं नव्हतं. मला त्यांची लाज वाटत नव्हती, पण ते मला हे सांगताहेत याचा संकोच वाटत होता.

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला होता. आई पदराला हात पुसत आली.

“नाही बोललात तरी चालेल,” ती म्हणाली. “मी बघायला चाललेय. तुम्ही नुसते सोबत चला.”

बाबांनी टेबलावरचं पेन स्वतः उचललं. फॉर्मवर त्यांनी आजवर सहीखेरीज काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी चौकोनात एकेक अक्षर काढून ‘अंदमान’ लिहिलं. शेवटचा ‘न’ रेघेबाहेर गेला. त्या चहाचा डाग पडलेल्या अंतर्देशीयावर त्यांनी त्याच बैठकीत मद्रासला पत्रही लिहिलं.

तिकिटं जानेवारीच्या शेवटी रजिस्टर पोस्टानं आली. आईनं ती पाकिटातून काढून दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, “ही खरी ना?” मी वाचून दाखवली, जहाजाचं नाव, तारीख, दोघांची नावं. तिनं ती कपाटात साडीच्या घडीत ठेवली.

माझी परीक्षा जवळ होती, म्हणून मावशी सोनिवलीहून माझ्या सोबतीला आली. निघायच्या वेळेवरून मात्र थोडा वाद झाला. कल्याणहून मद्रासची गाडी दुपारची होती, पण बाबांना सवयीनं पहाटेच घर सोडायचं होतं. आईनं ऐकलं नाही. सकाळी अकराला, पाण्याच्या नळावर सगळ्या बायका असताना, ती नवी चप्पल घालून बाहेर पडली आणि प्रत्येकीला सांगून आली. जाते, अंदमानला, दोघंच. काकूंनी तिला लिंबाच्या लोणच्याची बाटली दिली आणि परतताना काहीतरी आण म्हणाल्या.

“मिळेल ते आणीन,” आई म्हणाली. “नाही मिळालं तर कल्याणला घेणार नाही.”

काकू तोंडाला पदर लावून खूप हसल्या.

बॅगा दारात होत्या. बाबा आत गेले आणि एकेक खिडकी लावू लागले. पुढची लावली, कडी ओढून बघितली, मग स्वयंपाकघराची लावली. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मी आणि मावशी तिथंच उभ्या होतो.

आई दारातून म्हणाली, “अहो, राहू द्या. पोरगी घरात आहे. आपण खरंच चाललोय.”

बाबांचा हात कडीवरच राहिला. मग त्यांनी दोन्ही खिडक्या पुन्हा उघडल्या, बाहेर आले, जड बॅग स्वतः उचलली आणि आईला म्हणाले, “चल.”