लोकरीच्या दुकानातला बुधवार

माझी पत्नी मंगळवारी वारली. भंडाऱ्यात तिचं लोकरीचं दुकान होतं आणि दर बुधवारी ती तिथे विणकाम शिकवायची. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या बाया बसने यायच्या. नदीकाठच्या कारध्याची एक मावशी मासळी विकून यायची. तिचे हात जाळी विणून तयार झालेले, त्यामुळे लोकर जोडताना ती सवयीने जाळ्याची गाठ मारायची. पाण्यातही न सुटणारी ती गाठ स्वेटरमध्ये खड्यासारखी टोचायची. पत्नी रागवायची आणि सुईच्या टोकाने ती सोडवत बसायची.

तेरवीनंतर मी दुकान विकायचं ठरवलं. बुधवारी आवराआवर करायला गेलो, तर बाया पायरीवर बसलेल्या होत्या.

“सर, दुकान काहून इकून राहिले?” मावशी म्हणाली.

“आता शिकवणार कोण?”

“शिकाले कोन येत होतं? सात वर्षं झाली, मले एक मोजा नाही जमला. घरी मले रागवाले कोनी नाही, म्हून येत होती मी.”

कुणीतरी हसलं, मग सगळ्याच रडल्या. मी कुलूप उघडलं.

दुकान मी विकलं नाही. बुधवारी बाया येतात, आणि मी गल्ल्यामागे बसून त्यांचं बोलणं ऐकतो.