टीव्हीतल्या पोरीची दृष्ट

विश्रामबागेत चहाच्या गाड्यापाशी ती चाकाच्या खुर्चीत बसून भजी खात हुती. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत खुर्चीसकट गिरकी घेणारी हीच पोरगी, मी लगेच वळखलं.

"तुझा नाच झाला की आमची म्हातारी टीव्हीपुढं बोटं मोडून तुझी दृष्ट काढायची," मी म्हणालो. "दिवाळीत वारली ती."

तिनं तेलकट हात पुसला नि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"आवं आजोबा, मग परवाच्या फेरीला माझी दृष्ट कोण काढणार? तुमीच काढा की!"

बायकांचं काम, तेबी चारचौघांत! तरी तिच्या तोंडावरनं हात फिरवून माझ्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा वाजली. पोरगी खदाखदा हसली, अन् लय दिसांनी मीबी.

घरी येऊन म्हातारीच्या फोटोला सांगितलं, "तुझी कवाच सगळी वाजली न्हाईत. माझी धाच्या धा वाजली."