सोमवारची तंगडी

सात रस्ता चौकाकडून घरी येताना एका कोपऱ्यावर निखाऱ्यांवर कोंबडी भाजत असते. तो वास आला की मी भराभरा पुढं निघते. खायची इच्छा नसते असं नाही, लई असते. पण मला ती बँकॉकमधली हवीय, आणि समोर माझी लेक बसलेली हवीय.

लेक तिथं एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. चार वर्षांपूर्वी मी आठ दिवस तिच्याकडं गेले होते. शाळेच्या ऑफिसात जन्म काढलेली बाई मी, पहिल्यांदाच विमानात बसले. बॅगेत अर्ध्याहून जास्त कडक भाकरी आणि शेंगाचटणी. परत निघायच्या आदल्या दिवशी तिला सुट्टी मिळाली. म्हणाली, "आई, आज तुला माझ्या आवडीच्या ठिकाणी जेवायला नेते."

पत्र्याचं छप्पर, स्टीलची टेबलं. थायलंडच्या ईशान्येकडं ईसान नावाचा भाग आहे, तिकडच्या लोकांचं ते रेस्टॉरंट, आणि गर्दी सगळी भाजलेल्या कोंबडीसाठी. लसूण, मिरी आणि कोथिंबिरीच्या मुळ्यांचं वाटण लावलेल्या कोंबड्या बांबूच्या चिमट्यांत धरून सावकाश भाजत होते. बाजूला कच्च्या पपईची कोशिंबीर कुटणं चाललेलं, त्यात शेंगदाणे. भात चिकट, बांबूच्या टोपलीत. हातानं गोळा करायचा, चटणीत बुडवायचा. सगळे हातानं जेवताना बघून मला बरं वाटलं. म्हटलं, ही तर आपलीच माणसं की! लेक अर्धी कोंबडी सांगत होती, मीच म्हणाले, "अख्खी सांग."

कोंबडी आली. तिनं तंगडी तोडून माझ्या ताटात ठेवली आणि खाली बघत म्हणाली, "आई, हॉटेलवाले अजून तीन वर्षं राहा म्हणतायत. उद्या सही करायचीय."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षांत येते म्हणून गेलेली पोरगी! खरं तर म्हणायचं होतं, नको करू सही, चल घरी, तुझे वडील गेल्यापासून घर खायला उठतंय मला. पण तोंडातून भलतंच आलं.

"आज सोमवार. मी खात नाही."

सोमवार आमच्याकडं पाळतात, हे खरं. सिद्धेश्वराचा वार. पण त्या घटकेपर्यंत मला वाराची आठवणसुद्धा नव्हती. लेकीनं तंगडी उचलून परत कोंबडीच्या थाळीत ठेवली. मी मेली कोरडा भात चावत बसले, ताठ मानेनं. दुसऱ्या दिवशी तिनं मला विमानतळावर सोडलं आणि जाऊन सही केली. पुढं तिथंच लग्न, तिथंच घर.

मी इथं करून बघितली तशी कोंबडी. भाजीवालीकडून मुळ्यांसकट कोथिंबीर आणली, गच्चीवर शेगडी पेटवली. वास अगदी तसा आला. पण एकटीनंच तोडायची आणि एकटीनंच खायची. शेवटी शेजारणीला नेऊन दिली.

परवा फोनवर राहवलं नाही. सांगून टाकलं, "अगं, त्या दिवशी सोमवारचं निमित्त होतं. मला तुझा राग आला होता. तू राहू नयेस असं वाटत होतं."

"मग म्हणायचं होतंस की!" लेक एकदम मोठ्यानं म्हणाली. "मी तुला सांगायला नेलं नव्हतं आई, विचारायला नेलं होतं. मला इथं मुळीच करमत नव्हतं. पलंगाखाली बॅग भरून ठेवली होती मी. तू नुसतं चल म्हणाली असतीस ना, तर तुझ्या पाठोपाठ आले असते."

"आणि आता म्हटलं तर?"

"आता उशीर झाला गं," ती म्हणाली. इतकं हळू आणि मायेनं म्हणाली, की मला तिच्याशी भांडतासुद्धा येईना.