साक्षीचा चहा

आमच्या मंडळीत आता दर रविवारी चहा मिळतो. उपासना संपली की मागच्या भिंतीजवळच्या मशीनचं बटण दाबायचं, कागदी कप भरून घ्यायचा आणि चपला शोधत बाहेर पडायचं. सभागृह पक्कं आहे, फरशी बसवलेली आहे, पंखे आहेत. माझी तक्रार काहीच नाही. पण त्या चहाचा पहिला घोट घेतला की मंडळी पूर्वी जिथे जमायची ती सरावलीची जुनी शेड आठवते आणि हातातला कप बेसिनमध्ये ओतून द्यावासा वाटतो.

त्या शेडमध्ये चहा असा उगाच मिळत नसे. त्यासाठी कुणाची तरी प्रार्थना ऐकली जावी लागे. ज्याचं मागणं देवाने पुरं केलं त्याने रविवारी उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे आपण काय मागितलं होतं आणि ते कसं मिळालं हे चारचौघांत सांगायचं. मग घरून करून आणलेला चहा स्वतःच्या हाताने सगळ्यांना द्यायचा आणि आपण शेवटी घ्यायचा. ही पद्धत कुणी घातली ते मला माहीत नाही. आम्ही नगरकडून आलेलो, काही घरं मराठवाड्यातली, सगळी कंपन्यांतल्या कामासाठी बोईसरला येऊन टेकलेली. कुणीतरी गावाकडून भांड्याकुंड्यांबरोबर ती आणली असेल.

शेड म्हणजे पूर्वी प्लास्टिकच्या पिंपांचं गोदाम होतं. उन्हाळ्यात पत्रे असे तापत की प्रवचन ऐकताना अर्धी मंडळी वहीने वारा घेत बसे. वारा कंपन्यांकडून फिरला की नाकाला पदर लागत आणि पाळकसाहेब प्रार्थना आवरती घेत. मी लहान असताना लोकांच्या अडचणी दूर व्हाव्यात म्हणून डोळे गच्च मिटून प्रार्थना करायची. मंडळीला वाटे, पोर भाविक आहे. माझं सगळं लक्ष वेलचीच्या चहावर आणि त्याच्याबरोबरच्या खारीवर असे. कुणी कंपनीत पर्मनंट झालं की चहा. कुणाची सून सुखरूप बाळंत झाली की चहा. एका काकांचा मुलगा तिसऱ्या खेपेला दहावी सुटला, तेव्हा त्यांनी ओळीने दोन रविवार चहा दिला.

पप्पा रंगाच्या एका कंपनीत पावडरच्या खात्यात होते. घरी येत तेव्हा कानामागे कधी पिवळा, कधी निळा रंग राहिलेला असे आणि आई विचारी, "आज कुठली होळी खेळलात?" निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांना खोकला लागला. मग जिना चढताना ते मध्येच थांबू लागले. कठड्याला हात टेकून खालच्या भाडेकरूंशी तोडक्यामोडक्या हिंदीत गप्पा मारू लागले, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आखडत चालली आहेत. कशामुळे, ते नक्की सांगता येत नाही म्हणाले, आणि पप्पांनीही खोदून विचारलं नाही.

मंडळी दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली. आईने चहाचा मोठा पुडा आणि वेलची आणली, स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा फळीवर सगळ्यात वर ठेवला. "हा त्या दिवसाचा," ती म्हणाली. तेव्हा मी कोळगावच्या सरकारी कचेरीत कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम करायला लागले होते. दिवसभर लोकांचे अर्ज भरून डोकं उठलेलं असे. एकदा घरी आले तर रोजच्या डब्यातली चहापत्ती संपलेली. मी स्टूल घेऊन वरचा डबा काढायला गेले तर आईने माझा हात धरला.

"तो पप्पांचा आहे."

"पप्पांचा चहा पप्पांच्या मुलीला चालत नाही का?"

"चालत नाही."

मी फणकारून झोपायच्या खोलीत गेले. आईने शेजारून वाटीभर चहापत्ती मागून आणली, पण तो डबा उघडला नाही. मला तिचा राग आला आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. इतकी खात्री मला कशाचीच नव्हती.

दिवाळीच्या सुमाराला पप्पांचा नवा रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, थोडी सुधारणा दिसते आहे. थोडी म्हणाले होते. आईने ती पुरी धरली. रविवारी पहाटे उठून तिने डबा काढला, मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. शेडमध्ये उभी राहून ती म्हणाली, "प्रभूने यांना बरं केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले. आईने त्या दिवशी असं गाणं म्हटलं की पेटीवाल्याला तिच्या मागून धावावं लागलं. चहा फक्कड झाला होता. मी दोन कप प्यायले.

बाराव्या दिवशी पप्पांना श्वास घेता येईना. दवाखान्यातून ते घरी आले ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. आता ही नळी नाकातून निघणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मशीन दिवसरात्र घरघरायचं. पावसाळ्यात वीज गेली की ते बंद पडायचं, मग सिलिंडर लावायचा. मी सिलिंडर जोडेपर्यंत आई पप्पांना हातपंख्याने वारा घालत बसे. एवढं मोठं अणुवीज केंद्र आपल्या शेजाराला आणि आपण हातपंख्यावर, असं पप्पा खुणेने म्हणत आणि हसत. हसल्यावर त्यांना आणखी दम लागे.

मंडळीत कुणी आईला दोष दिला नाही. फक्त शिवणकाम करणाऱ्या एक काकू घरी आल्या होत्या तेव्हा आईचा हात हातात घेऊन, अगदी मायेने म्हणाल्या, "साक्ष दिल्यावर ती राखावी लागते गं. मनात कुठे शंका आली असेल तुझ्या." आईने मान खाली घातली. त्यानंतरच्या रविवारपासून ती उपासनेला गेली नाही. पप्पांना एकटं कसं सोडू, असं ती सांगायची. पण मी घरी थांबते म्हटलं तरी जायची नाही. तिने चहाही सोडला. सकाळी आमच्या दोघांचा करायची आणि स्वतः पाणी प्यायची. देवाच्या घरात आपण खोटं बोललो, असं तिने मनात धरलं होतं. देवावरचा विश्वास उडाला असता तर मला समजलं असतं. माझा तेव्हा बराचसा उडालाच होता. पण तिचा स्वतःवरचा उडाला होता, आणि ती गायची थांबली होती. पप्पांना हे नळीपेक्षा जास्त लागलं.

शेडमधलाही चहा बंद पडला. लोकांच्या इच्छा पुऱ्या होत नव्हत्या असं नाही, पण उभं राहून सांगायला सगळेच बिचकू लागले. आज सांगितलं आणि उद्या उलटलं तर? आमच्या घरच्या चहाने सगळ्यांचाच चहा कडू केला होता.

तारापूरकडच्या किनाऱ्यावरून एक कोळीण मावशी आमच्या गल्लीत मासळी घेऊन यायच्या. वीस वर्षांची ओळख होती. टोपली उंबऱ्याशी टेकवून पाच मिनिटं बसल्याशिवाय त्या पुढे जात नसत. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आल्या त्या सुक्या बोंबलांबरोबर नारळाच्या वड्या घेऊन. पप्पा पलंगावर बसून होते. त्यांनी थांबत थांबत विचारलं, "मावशी, ताजी मासळी... मिळाली का?"

"आता कुटं, भाव? काल तं नारल दिला. आता होड्या जातील."

"म्हणजे मिळायच्या आधीच... नारळ?"

"मंग? मिलाल्यावर तं कोण पन देल."

"आणि नाही मिळाली तर?"

मावशींनी त्यांच्याकडे, हे काय विचारणं झालं, अशा नजरेने पाहिलं. "नाय मिलाली तं नाय मिलाली. फुडल्या वर्साला परत नारल देव. दर्या हाय तो, आपला गडी नाय."

आई मोरीशी बोंबील धूत होती. तिचा हात थांबलेला मी पाहिला. मावशी वड्या ठेवून, टोपली उचलून गेल्या. संध्याकाळी पप्पा आईला म्हणाले, "या रविवारी मला शेडवर ने. आणि चहा कर."

"कशाची साक्ष देणार आहात?"

"कशाचीच नाही."

"अहो, एकदा तोंडावर पडले तेवढं पुरे झालं." आईचा आवाज चढला. किती महिन्यांनी चढला होता.

पप्पांनी श्वास गोळा केला. एका वाक्याला त्यांना तीन वेळा थांबावं लागलं. "बरं झाल्यावर द्यायचा... ती पोच झाली, अगं. माल मिळाला म्हणून... सही केल्यासारखी. मला सही नाही करायची. मला नारळ द्यायचाय."

मी मधे पडले. श्वास पुरत नाही आणि निघालेत चहा वाटायला, म्हणाले. देवाने आपलं काय ऐकलंय म्हणून त्याच्या घरी पातेलं घेऊन जायचं, असंही म्हणाले. आईने मात्र स्टूल सरकवलं आणि डबा खाली काढला. दिवाळीचा अर्धा पुडा त्यात उरला होता.

रविवारी सिलिंडर, पातेलं आणि पप्पा एकाच रिक्षातून गेले. मंडळीतल्या दोघांनी पप्पांना धरून आत नेलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मी दाराशीच उभी राहिले, हाताची घडी घालून. पाळकसाहेबांनी साक्षीची वेळ म्हणून जाहीर केलं आणि नेहमीप्रमाणे पुढच्या गाण्याचं पान काढायला लागले, कारण हल्ली कुणी उठतच नसे. पप्पा उठले.

"मी बरा झालेलो नाही," ते म्हणाले. "होईन, असं डॉक्टर... म्हणत नाहीत. बायकोने खोटी साक्ष दिली नव्हती. तिने... घाई केली. मी वाट बघतोय. मिळालं असतं तर... वाट कशाला बघितली असती? चहा घ्या."

कुणी हललं नाही. आई पातेल्याशी उभी होती, पळी हातात आणि मान खाली. मला वाटलं, आता ही इथेच कोसळणार, आणि मला सगळ्या मंडळीचा संताप आला. तेवढ्यात शिवणकामवाल्या काकू उठल्या. कप घेऊन आईपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दे. माझा मुलगा तीन वर्षं घरी आलेला नाही." काकूंच्या घरचा चहा आपण आजवर कधीच प्यायलेलो नाही, हे मला त्या क्षणी लक्षात आलं. आईने वर पाहिलं. आईने कप काठोकाठ भरला, थोडा सांडला.

मग रांग लागली. कुणी काही सांगितलं, कुणी नुसताच कप पुढे केला. शेवटचा कप आईने स्वतः घेतला, नऊ महिन्यांनी. आणि पेटीवाल्याने सूर धरल्यावर ती गायली. आवाज आधीसारखा लागला नाही, वरच्या पट्टीत फाटलाच, पण ती थांबली नाही.

परतताना रिक्षात पप्पा मला म्हणाले, "तू घेतला नाहीस."

"मला नको होता."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा ठेवू."

पप्पा थंडी सरता सरता गेले. बरे न होताच गेले. त्या सहा महिन्यांत आईने त्यांना उचललं, बसवलं, भरवलं, रडली, चिडली, एकदा तर मशीनला लाथही मारली. पण रविवार चुकवला नाही. मी थांबायचे पप्पांजवळ. दार उघडं ठेवलं की तिचं गाणं घरापर्यंत ऐकू येतं, असं पप्पा म्हणायचे. मला कधी ऐकू आलं नाही, पण त्यांना येत असेल.

मातीनंतरच्या रविवारी घरात माणसं होती. कुणीतरी आईला म्हणालं, आज तू काही करू नकोस, मंडळी बघेल. आईने डबा काढला. शेडमध्ये एका बाईने तिच्या हातातलं पातेलं घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "आजच तर द्यायचाय." मग ती उभी राहिली. पदर खांद्यावरून ओढून घेत म्हणाली, "ते बरे झाले नाहीत. पण ते मला परत भेटणार आहेत. कधी, कसे, ते मला दिसत नाही. मी वाट बघते. चहा घ्या."

मी या वेळी आत बसले होते, पण कप घेतला नव्हता. सगळ्यांना देऊन झाल्यावर आईने पातेलं तिरकं केलं, तळाशी राहिलेला शेवटचा चहा एका कपात गाळला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. पप्पा त्या रविवारी बसले होते त्या खुर्चीशेजारचीच ती खिडकी. लोक बाहेर पडायला लागले तरी तो कप तिथेच होता. माझा बांध फुटला. मी आईजवळ जाऊन म्हणाले, "आई, त्यांच्यासाठी असा कप भरून नको ना ठेवू. मला बघवत नाही."

लहानपणी माझा पाढा चुकल्यावर बघायची तसं आईने माझ्याकडे बघितलं.

"त्यांचा कुठला?" ती म्हणाली. "तुझा आहे तो. पावसाळ्यातला राहिलाय. पप्पांनी मला सांगून ठेवलं होतं."

चहा पार गार झाला होता, वर साय धरली होती. मी तो खिडकीशी उभी राहून सगळा प्यायले.